मार्चमधली डिलिव्हरी

पनवेल,
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

तीर्थरूप काशिराममामा यांस,

पनवेलहून तुमच्या शैलेशचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना? हौसामामीची शुगर कशी आहे हे मी मुद्दाम विचारत नाही, कारण हे पत्र मामीच्या हातात पडता कामा नये, आणि पडलंच तर तिची शुगर जी काय होईल तिला सर्वस्वी मी जबाबदार असेन. इकडे मी बरा आहे. म्हणजे सोमवारपासून नीट जेवलेलो नाही, डावा डोळा फडफडतोय आणि दारावरची बेल वाजली की मी आधी बाथरूमकडे बघतो. पण एकंदरीत बरा आहे. मोनाली मात्र खरोखरच बरी आहे, अगदी ठणठणीत आहे, आणि सगळी अडचण तीच आहे.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या घरात फोन एक, तो मामीच्या कमरेला, आणि ती तो स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलत नाही. तुम्हाला फोन केला की तो तुम्ही, मामी, शेजारच्या वसुंधरावहिनी आणि ओट्यावर कोळंबी सोलत बसलेल्या सगळ्याजणी मिळून ऐकता. म्हणून हे पत्र कमळाबाईच्या हाती पाठवायचा बेत आहे. ती सकाळी करंज्याहून मच्छी घेऊन पनवेलच्या बाजारात येते आणि दुपारी परत जाते. तिला बजावलंय, की मामा जेटीवर जाळं शिवत बसलेले असतील तिथं जाऊन त्यांच्याच हातात द्यायचं, घरी नाही. (या कामाबद्दल तिनं मला दोन पापलेटं घ्यायला लावली. त्यांचा भाव बघता यापेक्षा मी स्वतः रिक्षा करून आलो असतो तर स्वस्त पडलं असतं, पण करंज्याला यायची माझी आत्ता हिंमत नाही.)

तर आधी चांगली बातमी. आम्ही घर घेतोय. तळोज्याकडे, नवी इमारत, सातवा मजला, टू बीएचके. म्हणजे झोपायच्या दोन खोल्या, बसायची एक, आणि एक स्वयंपाकघर, जिथं एकानं भाकरी थापायला घेतली तर दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. बासष्ट लाख. हा आकडा मी शाईनं पहिल्यांदाच लिहितोय. आतापर्यंत पेन्सिलनं लिहीत होतो. त्यातले अठ्ठेचाळीस लाख बँक देणार आणि ते मी वीस वर्षं फेडणार, दर महिन्याला चाळीस हजार एकशे पन्नास. फेडून होतील तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा असेन. बँकेतल्या साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मी मान हलवली, कारण समोरच्या माणसानं टाय घातलेला असला की माझी मान आपोआप हलते. मग त्यांनी विचारलं, व्याज फिक्स्ड हवं की फ्लोटिंग? मामा, तुम्ही चाळीस वर्षं तरंगत्या लाकडावर काढलीत, तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. मला मात्र तुमच्या होडीत जेटीला बांधलेली असतानाही उलटी होते, हे अख्ख्या करंज्याला ठाऊक आहे. तरी मी फ्लोटिंगवर सही केली. साहेब म्हणाले, आजकाल सगळे तेच घेतात.

या घराचा हिशोब मी कॉम्प्युटरवर एका तक्त्यात मांडलाय. वरपासून हप्ता, मेंटेनन्स, स्टॅम्प ड्यूटी, पार्किंग, पंखे, पडदे, अशा ओळी आहेत, आणि सगळ्यात खालच्या ओळीत ‘बाळ’ आहे. ती ओळ खाली असण्यात वाईट हेतू काही नाही. बाकीच्या आधी सुचल्या, एवढंच. पण तक्ता असा झालाय, की वर कुठलाही आकडा वाढला की खाली बाळाचं साल पुढं सरकतं. पहिल्यांदा केला तेव्हा बाळ २०२३ मध्ये होतं. पार्किंगचे पैसे वेगळे पडतात हे कळलं तेव्हा ते २०२६ला गेलं. स्टॅम्प ड्यूटीनं त्याला २०२८मध्ये ढकललं, आणि मॉड्युलर किचननं २०३१मध्ये. मग मी एकदा इंटरनेटवर शाळांच्या फिया बघितल्या (नुसत्या ज्युनिअर केजीच्या, मामा, जिथं मुलं मुख्यत्वे रडतात) आणि लॅपटॉप बंद करून ठेवला. २०३१मध्ये मोनाली एकोणचाळीस वर्षांची असेल. हे तक्त्यात येत नाही, कारण त्यासाठी ओळ केलेली नाही.

नमुन्याचा फ्लॅट बघायला गेलो त्या दिवशीचं सांगतो. लिफ्ट अजून बसायची होती, त्यामुळे चढत गेलो. साइट ऑफिसातल्या दिपिका मॅडम उंच टाचेच्या चपला घालून आमच्यापुढं न दमता बोलत चढत होत्या आणि मी चौथ्या मजल्यावर कर्नाळ्याचा सुळका किती उंच आहे याचा विचार करत होतो. वर सगळं छान होतं. सोफा होता, टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं होती. मग मॅडमनी दुसऱ्या बेडरूमचं दार उघडलं आणि म्हणाल्या, ही किड्स रूम. आत भिंतीवर एक जिराफ रंगवलेला, त्याच्या मानेवर फुटपट्टीसारख्या खुणा, पोराची उंची मोजायला. खाली एक छोटासा पलंग. मोनाली सरळ आत गेली आणि त्या पलंगावर बसली. बसलेली उठेचना. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या, तसा मी घाईघाईनं बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बघत राहिलो. (नमुन्याच्या फ्लॅटमध्ये नळाला पाणी नसतं. तरीही मी बराच वेळ बघत राहिलो.)

आणि बँकेतलं एक राहिलं. हप्ता चाळीस हजार आणि माझा पगार अडतीस, म्हणजे कर्ज मिळणार ते मोनालीचा लॅबमधला पगार धरूनच. तेव्हा त्या टायवाल्या साहेबांनी फॉर्मवरून डोळे न उचलता विचारलं, मॅडमचा पगार मध्ये कधी थांबणार वगैरे नाही ना? त्यांना काय म्हणायचंय ते आम्हा दोघांनाही कळलं. मी चटकन म्हणालो, नाही नाही, छे, तसं काहीच नाही. इतक्या जोरात म्हणालो, की शेजारच्या काउंटरवरच्या माणसानं वळून बघितलं. मोनाली समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. बाहेर आल्यावर मी तिला उसाचा रस पाजला आणि आम्ही टाइल्सच्या रंगाबद्दल बोललो.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. मी कंटेनर यार्डच्या गेटवर पास देतो हे तुम्हाला माहीतच आहे. बारा वर्षं तिथं काढल्यामुळे माझ्या तोंडात एकच शब्द बसलाय. कंटेनर सुटला की डिलिव्हरी, कुरियर आलं की डिलिव्हरी, गॅसचा सिलेंडर आला की डिलिव्हरी. बिल्डरची माणसं ज्याला पझेशन म्हणतात त्यालाही मी डिलिव्हरीच म्हणतो. सहा तारखेला टोकनचे एक्कावन्न हजार भरून मी ड्यूटीवर आलो, मागं ट्रेलर हॉर्न मारतायत, आणि मामीचा फोन आला. मामी फोनवर पहिलं वाक्य काय बोलते ते तुम्हाला माहीत आहे. लग्नाला सात वर्षं झाली, सात वर्षं ती तेच बोलतेय: “काय रं बाला, काय नवीन हाय का?” आणि सात वर्षं मी म्हणतोय, काही नाही मामी, सगळं जुनंच. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी नवीन होतं. मी म्हणालो, “हाय मामी. बुकिंग झालं. मार्च एंडला डिलिव्हरी.”

मामीनं हळूच विचारलं, “कितवा?”

मला वाटलं, मजला. मी म्हणालो, “सातवा.”

“सातवा? आनि आता सांगतस रं मेल्या?”

“म्हटलं, सगळं पक्कं झाल्याशिवाय कशाला बोलायचं.”

“सगलं नीट हाय ना पन? दाखवलंव का?”

“मॅडमनी कॉम्प्युटरवर दाखवलं. टू आहे. आधी आमचं वनचंच चाललं होतं, पण परत परत कोण एवढा त्रास काढणार, म्हणून एकदाच काय ते टू.”

“दोन?” मामी म्हणाली.

“दोन.”

यापुढं पलीकडून नुसता कसलातरी आवाज येत राहिला. मला वाटलं, नेटवर्क. मग फोन कट झाला आणि मी पुढच्या ट्रेलरचा पास फाडला. मामीचा काय समज झालाय याची मला तेव्हा सुतराम कल्पना नव्हती. (शपथेवर सांगतो असं लिहिणार होतो, पण पत्रात शपथ बरी दिसत नाही.)

मला कळलं ते या सोमवारी. मी बाजारात सुके बोंबील घेत होतो, तर कमळाबाई ठाण मांडल्या जागेवरून सगळ्या मच्छी बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, “काय शैलेशदादा, जोडा हाय म्हनं!” मी बोंबलाकडे बघितलं. मग तिनं एकेक सांगायला सुरुवात केली. मामी म्हणे मोनालीवर रुसलीय, सात महिने लपवून ठेवलं म्हणून, आणि ती स्वतःहून सांगत नाही तोवर आपणही फोन करायचा नाही असं तिनं ठरवलंय. पण रुसवा वेगळा आणि ओटी वेगळी. पौष संपायचीच ती वाट बघत होती. तो रविवारी संपला, आणि येत्या रविवारी सातव्या महिन्याची ओटी भरायला अख्खी आळी पनवेलला येऊन थडकणार आहे. तेवीस बायका, एक टेम्पो ट्रॅव्हलर, हिरवी साडी, हिरवा चुडा, पाच प्रकारची मासळी शिजवून डब्यांतून. आम्हाला सांगायचं नाही, अचानक दारात उभं राहायचं. शिवाय होडी दुरुस्त करणाऱ्या जगनमिस्त्रीला तुमच्या होडीच्या उरलेल्या सागाचा पाळणा करायला दिलाय, दोघं बाजूबाजूला झोपतील एवढा रुंद. आणि मामी सगळ्यांना सांगतेय, की दिवाळीला मोनाली आली तेव्हाच हातापायावरून मी ओळखलं होतं. (दिवाळीला मोनाली डाएटवर होती. मामीनं तिला चार वेळा “कशी सुकलीस” म्हटलं होतं.)

मामा, सोमवारपासून मी काय भोगतोय ते मलाच माहीत. मामी पाळण्यापर्यंत गेली म्हणजे सोनारापर्यंत जाणारच, आणि कमळाबाईचं शेवटचं वाक्य नेमकं तेच होतं: मामीनं हातातल्या दोन पाटल्या मोडायला काढल्यात, पोरांच्या मनगट्या करायच्या म्हणून. तिच्या हातात त्या दोनच आहेत. तुमच्याकडे आणलंत तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आई नुकतीच गेली होती, आणि त्या पाटल्यांच्या आवाजावरून मला कळायचं की मामी उठली, आता चहा मिळणार. तुम्हाला मूल नाही, मला आई नाही, त्यात आपलं तिघांचं व्यवस्थित भागलं. अशा बाईला जाऊन काय सांगू? की मामी, ती इमारत होती? आणि तेवीस बायका दारात असताना मोनालीला काय सांगू? तिला यातलं अवाक्षर माहीत नाही. तिला वाटतंय, रविवारी आम्ही टाइल्स बघायला जाणार आहोत. मी दिवसातून चार वेळा बोलायला तोंड उघडतो आणि विचारतो, चहा घेणार का. सोमवारपासून ती बिचारी नुसती चहा पितेय.

म्हणून तुमच्या पाया पडतो, काहीही करा पण रविवारची गाडी थांबवा आणि सोनाराला निरोप द्या. मामीला तुम्हीच सांगा, तुमचं ती ऐकते. (ऐकत नाही हे मला माहीत आहे, पण माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त सवय आहे.) गैरसमज कुणाचाच दोष नसतो, ट्रेलरचे हॉर्न होते, असं काहीतरी सांगा. मोनालीपर्यंत काही पोचू देऊ नका. तिला त्या पलंगावरून उठवायला मला त्या दिवशी फार जड गेलं होतं.

गुडघ्यांना जपा, जेटीवर उन्हात फार बसू नका, आणि पत्र वाचून झालं की खाडीत टाका.

तुमचा आज्ञाधारक आणि सध्या कुणालाच तोंड दाखवण्यासारखा न राहिलेला,
शैलेश

ता. क. – जगनमिस्त्रीला पाळणा मोडायला मात्र सांगू नका. लाकूड चांगलं आहे, म्हणून म्हणतो. असू दे कुठंतरी कोपऱ्यात. त्यात जाळी ठेवता येतील.

ता. क. २ – मामा, पत्र पुन्हा वाचून बघितलं. एका ठिकाणी मी खोटं लिहिलंय. नेटवर्क चांगलं होतं. मामी रडत होती. “दोन?” असं ज्या आवाजात तिनं विचारलं, त्या क्षणी मला सगळं कळलं. पलीकडे कुणीही घराच्या खोल्या विचारताना असा आवाज काढत नाही. मी तिथल्या तिथं म्हणू शकलो असतो, मामी, खोल्या दोन. तीन शब्द होते. मी म्हणालो, “दोन,” आणि गप्प बसलो. ती रडत होती, मध्येच हसत होती, तुम्हाला हाका मारत होती, आणि मी पासचं पुस्तक टेबलावर ठेवून कंटेनरच्या मागं जाऊन उभा राहिलो, कारण मलाही आवरेना. तीन ट्रेलर खोळंबले. मला सगळ्याचीच भीती वाटते, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, पण ती चार-पाच मिनिटं मला कशाचीही भीती वाटली नाही. बासष्ट लाखांचीसुद्धा नाही. फोन ठेवल्यावर लगेच सगळ्या भीत्या परत आल्या, एक जास्तच घेऊन आल्या. तरी मी मामीला परत फोन केला नाही. त्याला आज सोळा दिवस झाले.

ता. क. ३ – आणि तक्ता. वर असं लिहिल्यासारखं झालंय, की साल आपोआप सरकतं. आपोआप काही सरकत नाही, मी सरकवतो. मोनालीनं मॉड्युलर किचन कधी मागितलं नव्हतं. ती दोन वर्षं एकच विचारतेय आणि मी दर वेळी लॅपटॉप उघडून तिला आकडे दाखवतोय. मला मूल नको असं नाही, मामा. मला ते इतकं हवंय, की ते आलं आणि माझ्याकडून काही कमी पडलं तर काय, या विचारानं मी तक्त्यात आणखी एक ओळ वाढवतो. हे वाक्य मला तिच्यासमोर बसून बोलता येत नाही. गेल्या दोन वर्षांत आलं नाही, सोमवारपासून तर फक्त चहा येतोय. म्हणून अर्धी रजा टाकून तुम्हाला लिहायला बसलो, म्हटलं, निदान लिहून तरी बघू जमतंय का. तुम्ही कधी मला काय नवीन म्हणून विचारलं नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिताना जमलं बहुतेक.

आता एक वाजून दहा मिनिटं झालीत. कमळाबाई दीडला टोपली आवरून निघते. बाजाराकडे जाताना वाटेत मोनालीची लॅब लागते आणि तिची जेवणाची सुट्टीही आत्ताच असते. पत्र एकच आहे, आणि ते दोघींपैकी एकीच्या हातात द्यायचं आहे. मामी आलीच तर दारात मी उभा राहीन आणि माझ्या तोंडानं तिला खरं काय ते सांगेन, मग ती मारो की काही करो. ओटी काय, कधीही भरता येते. तेव्हा मामा, तुम्ही एवढंच करा. हे पत्र तुम्हाला मिळालं, तर मामीला थांबवा. नाही मिळालं, तर येऊ द्या.